पहिला धा कुठे जातो? यूएसबी साउंड कार्ड, लिनक्स आणि माझे सोळा दिवस

मी मिरजेत घरी तबल्याचे वर्ग घेतो. संगणकातलं मला मेल पाठवणं आणि ध्वनिमुद्रण कापणं-जोडणं एवढंच येतं, पुढचं सगळं भाच्याच्या भरवशावर. नोव्हेंबर 2025 मध्ये एक साधं यूएसबी साउंड कार्ड (माइकचा आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी) लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टिमवर, नीट चालवायला मला 1 तारखेपासून 16 तारखेपर्यंत वेळ लागला. सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन म्हणा, दिवसाला एक मात्रा अशा लयीचं. त्या दिवसांत जे वाचायला मिळालं ते एकतर ज्यांना सगळं येतं त्यांच्यासाठी लिहिलेलं होतं, नाहीतर 'विंडोज टाका' एवढंच सांगणारं. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय, माझी गाढवपणं न गाळता.

एक सांगून ठेवतो. कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांत टाकायची.

घरचा डेस्कटॉप 2016 चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज 11 या मशीनला चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला होता, त्याने एका संध्याकाळात लिनक्स मिंट 22.2 टाकून दिलं. वायफाय लागलं, प्रिंटर चालला, मराठी टाइप व्हायला लागलं. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे वर्ग ऑनलाइन असतात, एक दुबईला आणि एक बेळगावला. त्यांना मी ठेके आणि कायदे (तबल्यातल्या रचना) रेकॉर्ड करून पाठवतो. आजवर मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. बायाची, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याची, घुमक त्यात नावालाही यायची नाही. माइक चांगला होता, पण त्याला 48 व्होल्टचा वीजपुरवठा देणारं काहीतरी मध्ये लागतं. म्हणून हे कार्ड. किंमत 3,850 रुपये. समोर दोन जागा, एक माइकची, एक गिटारसारख्या वाद्याची, आणि तीन नॉब.

शनिवारी, 1 नोव्हेंबरला पार्सल आलं. सीपीयू टेबलाखाली आणि कार्ड टेबलावर, त्यामुळे बॉक्समधली केबल पुरेना. ड्रॉवरमध्ये तसंच टोक असलेली एक लांब केबल होती, ती लावली. कार्डावरचा लाल दिवा लागला. मला वाटलं, झालं काम. साउंडच्या सेटिंगमध्ये बघतो तर कार्डाचं नाव नाही. मशीन बंद-चालू केलं, पोर्ट बदलला, केबल काढून फुंकर मारून परत लावली. दिवा लागायचा, नाव काही यायचं नाही.

रविवारी हेच.

सोमवारी कार्ड पिशवीत घालून स्टेशन रस्त्याच्या बाजूच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पिशवीत केबलही तीच, लांबवाली. त्याने आपल्या लॅपटॉपला लावून पाहिलं, तिथेही काही दिसलं नाही. "सर, पीस डेड आहे. आणि लिनक्सला असलं काही चालत नसतंय," असं म्हणून त्याने तपासणीचे 250 रुपये घेतले. त्याचा तरी काय दोष? त्याच्या विंडोजवरही ते दिसलं नव्हतं. हा सगळ्यात मोठा धागा होता आणि तो आम्हा दोघांच्याही लक्षात आला नाही. दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या सिस्टिमवरही वस्तू दिसत नसेल तर खोट लिनक्सची कशी असेल?

मंगळवारी परतीची विनंती नोंदवली. मुदत सात दिवसांची, म्हणजे 8 तारखेपर्यंत. कारण निवडायच्या यादीत 'वस्तू चालू होत नाही' होतं, ते निवडलं, दिवा लागलेला फोटो जोडला. मग हेल्पलाइन. पंचवीस मिनिटं तीच धून ऐकल्यावर एक मुलगी फोनवर आली, तिने पहिलाच प्रश्न विचारला, सिस्टिम कोणती? लिनक्स म्हटल्यावर ती म्हणाली की आमच्याकडे फक्त विंडोज आणि मॅकची मदत मिळते. पण परत न्यायला माणूस शनिवारी येईल, एवढं तिने नोंदवून घेतलं.

बुधवारी त्रिपुरी पौर्णिमा होती. ही अंगणात पणत्या लावत होती आणि मी भाच्याला फोनवर रडगाणं ऐकवत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, केबल कुठली लावलीय?"

"लांब आहे ती. मोबाईलच्या कुठल्यातरी चार्जरबरोबर आली असेल."

"मग टर्मिनल उघडा, सुडो डी-एम-ई-एस-जी, मोकळी जागा, उणे डब्ल्यू. पासवर्ड टाका. आता केबल काढून परत लावा. काही नवीन ओळी उमटल्या?"

एकही ओळ उमटली नाही. ही कमांड म्हणजे मशीन स्वतःशी जे पुटपुटतं ते ऐकण्याची खिडकी. यूएसबीला काहीही जोडलं की इथे चार-पाच ओळी धडाधड यायलाच हव्यात, वस्तू ओळखीची असो वा नसो. मग त्याने बॉक्समधली आखूड केबल लावायला सांगितली. मी सीपीयू ओढून खुर्चीवर ठेवला, केबल लावली आणि ओळी उमटल्या.

कारण अगदी साधं होतं. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. वीज जाते म्हणून दिवा लागतो, बोलणं मात्र होत नाही. पाच दिवस आणि अडीचशे रुपये त्या दोन नसलेल्या तारांपायी गेले. तुम्ही असल्या भानगडीत असाल तर बाकी काही करण्याआधी केबल बदला, आणि अशी बदला जिच्यातून पेनड्राइव्ह किंवा मोबाईलमधले फोटो कॉपी झालेले तुम्ही स्वतः पाहिले आहेत.

उमटलेल्या ओळींत एक गंमत होती. 'नवीन फुल स्पीड उपकरण' असं काहीतरी लिहिलेलं. मी खूश झालो, पूर्ण वेग! भाचा हसला. यूएसबीत 'फुल स्पीड' म्हणजे सेकंदाला 12 मेगाबिट, आणि त्याच्या वर 'हाय स्पीड' 480 मेगाबिटचा. म्हणजे मध्यलयीलाच कुणी द्रुत म्हणून ठेवलंय. पण आवाजाला तेवढं पुरतं. 16 बिट, सेकंदाला 48,000 नमुने आणि दोन चॅनेल, याचा गुणाकार दीड मेगाबिटच्या आसपास येतो. येणारा आणि जाणारा मिळून तीन.

आता कार्ड दिसत होतं, तरी आवाज नव्हता.

इथून पुढे भाच्याने मला एक सवय लावली. एकदम 'आवाज येत नाही' म्हणायचं नाही, तो कुठपर्यंत येतोय ते बघायचं. आधी एल-एस-यू-एस-बी ही कमांड, म्हणजे यूएसबीला वस्तू जोडली गेली का. मग ए-प्ले उणे एल, म्हणजे लिनक्सच्या आवाजखात्याने, अल्साने, ती साउंड कार्ड म्हणून नोंदवली का. मग अल्सामिक्सर, म्हणजे तिथे आवाजाची पट्टी वर आहे का. आणि सगळ्यात शेवटी आपली नेहमीची साउंडची सेटिंग, जिच्यामागे आजकाल पाइपवायर नावाचा मध्यस्थ बसलेला असतो. मिंटच्या 22 मालिकेपासून तोच आहे, त्याआधी पल्सऑडिओ होता. जुने लेख वाचताना हे लक्षात ठेवा, अर्धे उपाय पल्सऑडिओच्या काळातले असतात.

माझ्याकडे ए-प्लेच्या यादीत तीन नावं आली. मदरबोर्डचं साउंड कार्ड, मॉनिटरचं एचडीएमआय आणि खाली 'यूएसबी ऑडिओ कोडेक'. सेटिंगमध्ये आवाज एचडीएमआयकडे जात होता. माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत, त्यामुळे तो आवाज कुठे मुरत होता देव जाणे. यूएसबी निवडलं, तरी शांतता. मग अल्सामिक्सर उघडलं. तिथे सुरुवातीला पाइपवायरची एकच पट्टी दिसते, तिच्यावर भुलू नका. एफ-सहा दाबून खरं कार्ड निवडावं लागतं. कार्डाच्या पट्टीखाली दोन एम लिहिलेले होते, म्हणजे म्यूट. एमची कळ दाबली, एमच्या जागी दोन शून्यं आली, आणि हेडफोनमध्ये एकदम इतक्या जोरात लेहरा (तबल्याबरोबर वाजणारी धून) सुरू झाला की ही पणती हातात घेऊनच आत आली.

गुरुवारी परतीची विनंती रद्द केली. रद्द झाल्याचा संदेशही आला. तरी शनिवारी सकाळी न्यायला मुलगा दारात हजर. त्याच्या मोबाईलवर ऑर्डर चालूच दिसत होती. माझ्याकडचा संदेश दाखवल्यावर त्याने 'ग्राहकाने नकार दिला' असं नोंदवलं आणि माझ्याकडून एक ओटीपी घेतला. असा संदेश आला तर पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता माइक. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं तर तबला फक्त डाव्या कानात. मला वाटलं कार्डाची उजवी बाजू गेली. तसं नव्हतं. माइकची जागा म्हणजे एक नंबरचं चॅनेल, वाद्याची जागा म्हणजे दोन नंबरचं, आणि ऑडॅसिटी त्या दोघांना डावं-उजवं धरून स्टिरिओ करत होतं. रेकॉर्डिंग मोनो केलं की प्रश्न मिटला. गेनचा नॉब मात्र मी पहिले दोन दिवस फार वर ठेवला होता. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ना पडला की पडद्यावरची आवाजाची रेघ वरखाली कापली जायची. तबल्यासाठी मी आता सगळ्यात जोरातली थाप मारून बघतो आणि रेघ वरच्या कडेपासून चांगली खाली राहील इतका नॉब मागे घेतो. नंतर आवाज वाढवता येतो, कापली गेलेली थाप परत येत नाही.

त्याच शनिवारी दुपारी कडकड सुरू झाली. दर काही सेकंदांनी तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. पीडब्ल्यू-टॉप नावाची एक कमांड आहे, ती पाइपवायरमध्ये कोण किती काम करतंय ते दाखवते. तिच्यात 'ई-आर-आर' असा एक रकाना असतो. कार्डाच्या ओळीतला हा आकडा प्रत्येक तडतडीबरोबर वाढत होता. म्हणजे आवाज वेळेत पोचत नव्हता. याला दोन कारणं निघाली, आणि दोन्ही माझी. आखूड केबल पुरावी म्हणून मी टेबलावर चार तोंडांचा एक हब आणून ठेवला होता आणि त्याच हबवर वेबकॅमही लावला होता. हबला स्वतःचा अॅडॉप्टर नव्हता. कार्ड माइकला 48 व्होल्ट त्यातूनच करून देणार, आणि वेबकॅम चित्र ढकलणार. हब काढला. माहिती जाणारी दोन मीटरची चांगली केबल 180 रुपयांना आणली आणि सीपीयूच्या मागच्या पोर्टात थेट लावली. तडतड बरीच कमी झाली, गेली नाही.

उरलेली तडतड मी स्वतः मागवून घेतली होती. झालं असं की वाजवताना हेडफोनमध्ये माझाच तबला उशिरा ऐकू यायचा. एका व्हिडिओत सांगितलं होतं की पाइपवायरचा 'क्वांटम' कमी करा. क्वांटम म्हणजे एका खेपेला किती नमुने पाठवायचे तो आकडा. 1024 असेल तर 48,000 ने भागून एक खेप 21 मिलिसेकंदांची होते. जायची एक, यायची एक, म्हणजे चाळीसच्या वर. मिनिटाला 200 मात्रांची लय धरली तर चौगुणीतला (मात्रेला चार बोल) एक बोल 75 मिलिसेकंदांचा. म्हणजे मला माझा तबला अर्ध्याहून जास्त बोल मागे ऐकू येत होता. अशाने हात अडखळणारच. मी क्वांटम थेट 64 वर आणला. उशीर गेला, पण आठ-नऊ वर्षांच्या मशीनची दमछाक झाली आणि तडतड आली. 10 ते 12 नोव्हेंबर मी याच आकड्याशी खेळलो. 128, 512, परत 256. 256 ला पाच मिलिसेकंदांची खेप होते आणि तडतड जवळजवळ नाही, असं वहीत लिहून ठेवलं.

बुधवारी रात्री भाच्याला ही वही अभिमानाने वाचून दाखवली. तो जरा थांबून म्हणाला, "मामा, कार्डावर 'डायरेक्ट मॉनिटर' असं एक बटण असेल बघा. ते दाबलंय का?"

नव्हतं दाबलं. ते दाबलं की माइकचा आवाज कार्डातूनच सरळ हेडफोनला येतो, संगणकाला वळसा घालत नाही, त्यामुळे उशीर जाणवतच नाही. क्वांटम कितीही असला तरी. तीन दिवस! मी सक्तीचा क्वांटम शून्य करून टाकला, म्हणजे पाइपवायरला हवं ते करू दे, आणि तडतड पूर्ण थांबली. रेकॉर्डिंगपुरतं काम असेल तर आधी आपल्या कार्डावर हे बटण आहे का बघा. ज्यांना संगणकातला परिणाम घातलेला आवाज वाजवता वाजवता ऐकायचाय त्यांनाच ती आकड्यांची झटापट करावी लागते.

हे सगळं मार्गी लागल्यावर जे उरलं त्याने मला सर्वात जास्त छळलं. शनिवारी, 15 तारखेला, तीनतालाचा ठेका रेकॉर्ड केला. परत लावून ऐकला तर 'धिं धिं धा, धा धिं धिं धा'. समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, धाच नाही! तबला शिकवणाऱ्याने सम गायब असलेला ठेका पाठवायचा म्हणजे लाजेने मान खाली. पुन्हा रेकॉर्ड केला, पुन्हा तेच. मग ऑडॅसिटीत रेघ मोठी करून पाहिली. पहिला धा तिथे होता, चांगला ठसठशीत उंचवटा. डोळ्याला दिसत होता, कानाला येत नव्हता. म्हणजे रेकॉर्डिंग ठीक होतं, वाजवून दाखवतानाच काहीतरी गिळलं जात होतं.

मग इतक्या वर्षांच्या मास्तरकीचा उपयोग झाला. विद्यार्थी नेमका कुठे चुकतो हे कळायला तोच तुकडा वेगवेगळ्या प्रकारे वाजवून घ्यावा लागतो. ठेका लावला, थांबवला, लगेच परत लावला: धा आला. मध्ये चहा पिऊन आलो आणि लावला: धा गेला. घड्याळ घेऊन बसलो. तीन सेकंद थांबलं तर येतो, चार थांबलं तर येतो, सहा थांबलं की जातो. हद्द पाच सेकंदांची.

हे भाच्याला सांगितल्यावर त्याला पटकन उलगडलं. पाइपवायरच्या हाताखाली वायरप्लंबर नावाचा कारभारी असतो. पाच सेकंद कुणी काही वाजवलं नाही की तो कार्डाला झोपवतो. परत वाजवलं की कार्ड जागं होतं, पण माझ्या कार्डाला डोळे चोळायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात पहिला धा निघून गेलेला असतो. उपाय म्हणजे 'सेशन सस्पेंड टाइमआउट सेकंड्स' या सेटिंगची किंमत शून्य करायची, की कार्डाला झोपवूच नको.

रविवारी मी ती सेटिंग एका लेखात बघून एका फाइलमध्ये लिहिली. लॉग आउट करून परत आत आलो. काही फरक नाही. अक्षर न् अक्षर तपासलं, अवतरणचिन्हं तपासली, तीनदा लिहिली. शेवटी भाच्याने वायरप्लंबरची आवृत्ती विचारायला लावली, तर 0.4.17 निघाली. गोम तिथे होती. मिंट 22 हे उबंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि तिथे ही जुनी आवृत्ती आहे. 0.5 पासून वायरप्लंबरची सेटिंगची फाइल लिहिण्याची पद्धतच बदलली. मी वाचलेला लेख नव्या पद्धतीचा होता, आणि जुना कारभारी त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नव्हता, चूक आहे असंही सांगत नव्हता. 0.4 मध्ये ही गोष्ट लुआ भाषेतल्या छोट्या फाइलमध्ये लिहावी लागते, आणि ती घरच्या फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगच्या आत, वायरप्लंबरमधल्या मेन-डॉट-लुआ-डॉट-डी या फोल्डरमध्ये ठेवायची. डॉटने सुरू होणारे फोल्डर दिसत नाहीत, त्यासाठी कंट्रोल आणि एच दाबा. तुम्ही काहीही कॉपी करण्याआधी वायरप्लंबर, मोकळी जागा, दोन उणे चिन्हं, व्हर्जन ही कमांड देऊन आकडा बघून घ्या. माझा अख्खा रविवार वाचला असता.

रात्री साडेनऊला नवी फाइल ठेवून परत आत आलो. मुद्दाम जेवून घेतलं, ताक प्यायलो, ओटा पुसून दिला. मग ठेका लावला.

धा आला.

सोमवारी दुबईच्या मुलाचा वर्ग झाला. मीटिंगच्या अॅपमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय सुरू होती ती बंद केली, कारण तिच्या मते बायाची घुमक म्हणजे गोंगाटच. मुलगा म्हणाला, "सर, आज बाया ऐकू येतोय." एवढंच.

एक गोष्ट अजून राहिलीच आहे. मशीन स्लीपमध्ये जाऊन परत उठलं की दहातल्या एखाद्या वेळी आवाज पुन्हा एचडीएमआयकडे पळतो. त्यासाठी पाव्हू-कंट्रोल नावाचं छोटं सॉफ्टवेअर घालून त्यातल्या शेवटच्या टॅबमध्ये एचडीएमआय पूर्ण बंद करता येतं, असं भाचा म्हणतो. नाताळात आला की करू. तोवर मी केबल काढतो आणि परत लावतो. आणि ती चार्जिंगची लांब केबल हिने लाल दोरा बांधून वेगळ्या डब्यात ठेवलीय, डब्यावर मार्करने लिहिलंय: 'फक्त दिवा लागतो'.